सामासिक शब्दाचा सांधा : लेखन, उच्चार आणि कोश

१६३८ मध्ये विजापूरच्या आदिलशाही फौजेने बंगळूर जिंकले आणि पुढे ते शहाजीराजे भोसले यांच्या जहागिरीचे मुख्य ठाणे झाले. त्यांच्या दरबारातील बहुभाषिक वातावरणाचे साधन म्हणून अभ्यासक जयराम पिंड्ये या कवीच्या 'राधामाधवविलासचंपू' या ग्रंथाकडे पाहत आले आहेत. संस्कृत चंपूच्या जोडीला मराठी, कानडी इत्यादी देशभाषांतील पद्ये त्यात आहेत. वि. का. राजवाडे यांनी १९२२ मध्ये तो विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला, आणि तेव्हापासून त्याचे महत्त्व इतिहासाच्या व साहित्याच्या दोन्ही अभ्यासकांनी मान्य केले आहे. या ग्रंथाचे नुसते नाव कन्नड वाचकाच्या आणि मराठी वाचकाच्या तोंडून कसे येते, हा प्रश्न मात्र प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटण्याजोगा आहे. तो तसा नाही.

कन्नड वाचक हे नाव 'रा-धा-मा-ध-व-वि-ला-स-चम्-पू' असे उच्चारतो. त्याच्या मुखी ही दहा अक्षरे होतात, आणि संस्कृत पंडिताच्या मुखीही तितकीच. मराठी वाचक तेच नाव 'रा-धा-मा-धव्-वि-लास्-चम्-पू' असे उच्चारतो. त्याची अक्षरे आठ भरतात. लेखन एकच, शब्द एकच, अर्थही एकच. तरी दोन अक्षरे मराठीत कमी झाली. ती कोठे कमी झाली हे पाहण्यासारखे आहे. 'माधव' संपतो तेथे एक आणि 'विलास' संपतो तेथे दुसरे. म्हणजे जेथे एक पद संपून दुसरे सुरू होते, नेमक्या त्याच जागी मराठी उच्चाराने अकार टाकला. जेथे तो टाकला तेथेच समासाचा सांधा आहे. मराठी माणूस समास सोडवून दाखवत नाही, पण उच्चारताना तो प्रत्येक वेळी सोडवीत असतो.

ही गोष्ट मराठी भाषकाला इतकी स्वाभाविक आहे की ती शिकावी लागते हे त्याच्या ध्यानातही येत नाही. परंतु ज्यांनी मराठी प्रथम कानाने नव्हे तर डोळ्यांनी आत्मसात केली, अशा वाचकांची संख्या आज पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक आहे. दुसऱ्या भाषेच्या प्रदेशात वाढलेली मराठी कुटुंबांतील मुले, भारतीय साहित्यांचे तौलनिक अभ्यासक, मराठीतून भाषांतर करणारे अन्यभाषक आणि अलीकडे लिखित मजकूर वाचून दाखवणारी संगणकयंत्रणा हे सर्व या वर्गात येतात. त्यांना मराठी लिपी पुरेशी नाही, कारण समासाचा सांधा ती फार थोड्या ठिकाणी दाखवते. आणि मराठीचे कोशही या बाबतीत त्यांच्या मदतीला येत नाहीत. ही उणीव दूर करणे हे कोशकारांचे आणि विद्यापीठांतील मराठी विभागांचे काम आहे. ते लेखनसुधारणेचे काम नव्हे. या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळेच कदाचित ते इतके दिवस मागे पडले असावे.

प्रथम मूळ प्रक्रिया पाहू जाता असे दिसते, की मराठीत शब्दाच्या अखेरचा अकार, त्याआधी जोडाक्षर नसल्यास, उच्चारला जात नाही. 'घर' हा शब्द लिहिताना दोन अक्षरांचा आणि बोलताना एका अक्षराचा असतो. शब्दाला स्वरयुक्त प्रत्यय लागला की आतला अकारही पुष्कळदा गळतो. 'कापड' हा शब्द 'का-पड्' असा उच्चारला जातो. परंतु 'कापडी' म्हणताना 'काप्-डी' असा उच्चार होतो. 'दगड' हा 'द-गड्', पण 'दगडी' हा 'दग्-डी'. 'नगर' हे 'न-गर्', पण 'नगरी' ही 'नग्-री'. एक अकार जिवंत असला की शेजारचा निमतो, असा हा आळीपाळीचा व्यवहार आहे.

आता याच शब्दांचे समास घ्यावेत. 'कापडगिरणी' हा शब्द 'का-पड्-गिर्-णी' असा उच्चारला जातो, 'दगडफेक' हा 'द-गड्-फेक्' असा, आणि 'नगरसेवक' हा 'न-गर्-से-वक्' असा. प्रत्ययापूर्वी 'कापड' या शब्दाचा मधला अकार गेला होता. समासात तो परत आला आणि अखेरचा अकार गेला. म्हणजे पूर्वपद समासात शिरल्यावरही स्वतंत्र शब्दासारखेच वागते, आपली अखेर अखेर म्हणूनच राखते. प्रत्यय शब्दाच्या अंगात मुरतो, उत्तरपद मात्र शब्दाच्या शेजारी बसते. व्याकरणातील हा भेद मराठी कानाला अकाराच्या जागेवरून कळतो.

लेखनात हा भेद किती अदृश्य आहे, हे 'समरस' आणि 'समरगीत' या दोन शब्दांवरून ध्यानात येईल. दोन्हींची पहिली तीन अक्षरे तीच आहेत. परंतु पहिला शब्द 'सम' आणि 'रस' यांचा आहे व त्याचा उच्चार 'सम्-रस्' असा होतो. दुसरा 'समर' आणि 'गीत' यांचा आहे व त्याचा उच्चार 'स-मर्-गीत्' असा होतो. लिपीने या दोहोंत काहीही फरक केलेला नाही. अर्थ ठाऊक असल्याखेरीज उच्चार करता येत नाही, आणि उच्चार ऐकलेला नसल्यास नवख्याला अर्थाकडे जाण्याची वाट सापडत नाही. रोजच्या व्यवहारातील 'करसवलत' हा शब्द घ्यावा. 'कर' आणि 'सवलत' ही पदे ज्याला ठाऊक आहेत तो 'कर्-सव्-लत्' असे वाचील. ज्याला ती ठाऊक नाहीत त्याला 'करस-वलत' असे वाचण्यापासून लिपी परावृत्त करीत नाही. 'परतफेड' या शब्दाचीही स्थिती अशीच आहे. 'प-रत्-फेड्' हा उच्चार लिपीतून निघत नाही. तो 'परत' या शब्दाच्या ओळखीतून निघतो.

मराठी लेखन समासाविषयी सर्वस्वी मुके आहे असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. देशी समासांत पूर्वपद कित्येकदा आखडते आणि ते लेखनात उतरते : 'पाणी' पासून 'पाणपोई', 'घोडा' पासून 'घोडदौड', 'फूल' पासून 'फुलबाग'. तत्सम शब्दांच्या बाबतीत तर १९६२ मध्ये शासनाने मान्य केलेल्या मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांनी समासाची खूण स्पष्टपणे राखली आहे. 'कवी' हा सुटा शब्द दीर्घ लिहावयाचा, पण 'कविसंमेलन' या समासात तो ऱ्हस्व. 'बुद्धी' दीर्घ, पण 'बुद्धिवैभव' ऱ्हस्व. 'वायू' दीर्घ, पण 'वायुपुत्र' ऱ्हस्व. 'नदी' मुळातच दीर्घ असल्यामुळे 'नदीतीर' या शब्दात ती दीर्घच राहते. म्हणजे पूर्वपदाच्या अखेरीस इकार किंवा उकार असेल तर तो समासात आहे की बाहेर, याची दखल मराठी लेखनाने नियम करून घेतली. ज्या पूर्वपदाच्या अखेरीस अकार आहे त्याच्याबाबतीत मात्र उच्चारात इतका मोठा फेर पडत असूनही लेखन गप्प राहिले. मराठीच्या सामासिक शब्दसंपत्तीत अकारान्त पूर्वपदांचा वर्ग फार मोठा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या मौनाची व्याप्ती कळते.

इतर भाषांनी हा सांधा कसा सांभाळला आहे, याची तुलना येथे उपयुक्त ठरेल. नॉर्वेजियन ही सामासिक शब्दांची हौस असलेली भाषा आहे. तीत दोन-तीन पदांचे समास सहज बनतात आणि ते सलग लिहिले जातात. वाचणाऱ्याला सांधा दाखवणाऱ्या खुणा तेथे दोन आहेत. पहिली आघाताची : मुख्य आघात पहिल्या पदावर आणि दुय्यम आघात दुसऱ्या पदावर पडतो, त्यामुळे दुसरे पद कोठे सुरू झाले हे ऐकू येते. दुसरी जोडवर्णाची : पुष्कळ समासांत दोन पदांच्या मध्ये 'स' किंवा 'ए' असा जोडणारा ध्वनी येतो. मुलाला 'बार्न' म्हणतात, बागेला 'हागे'. 'बार्नेहागे' म्हणजे मुलांची बाग. ताराबाई मोडकांनी रूढ केलेल्या 'बालवाडी' या शब्दाची घडण हुबेहूब अशीच आहे, कारण येथील 'वाडी' ही मुळात झाडांची वाडी आहे. नॉर्वेजियन शब्दात मधला एकार सांधा बोलून दाखवतो. मराठी शब्दात 'बाल्-वा-डी' असा लकार पाय मोडून उभा राहतो, पण लेखनात मात्र 'बाल' पूर्णच दिसतो.

नॉर्वेजियनचे दुसरे एक वैशिष्ट्य संस्कृत संधीशी परिचित असलेल्या वाचकाला विशेष जवळचे वाटेल. पूर्व नॉर्वेच्या बोलींत रकारापुढे दन्त्य वर्ण आला की दोन्ही मिळून मूर्धन्य ध्वनी होतो. 'बार्न' या शब्दाचा प्रत्यक्ष उच्चार 'बाण' याच्या जवळ जातो. हा नियम समासाच्या सांध्यावरही चालतो. वसंताला 'वोर' आणि सूर्याला 'सूल' म्हणतात. दोहोंचा समास झाला की कानी पडते ते 'वोषूल'. म्हणजे वर्ण सांधा ओलांडून एकमेकांत मिसळतात, पण आघात दोन पदे वेगळी राखतो. सांधा एकीकडून बुजतो आणि दुसरीकडून उघडा राहतो. शब्द सलग लिहिण्याचे महत्त्वही तेथे असेच आहे. 'लाम्मेलोर' असे सलग लिहिले तर कोकराची तंगडी, आणि तोडून दोन शब्द केले तर लुळ्या मांड्या. इंग्रजीच्या प्रभावाने समास तोडून लिहिण्याची खोड तेथे बळावली असल्याची तक्रार नेहमी ऐकू येते. 'शब्द कोश' आणि 'लोक कथा' असे तोडलेले लेखन ज्यांनी मराठी पाट्यांवर व छापील पानांवर पाहिले आहे त्यांना ही तक्रार परकी वाटणार नाही.

इतक्या दूर न जाता बंगळूरमध्येच कन्नडकडे पाहिले तर आणखी एक उपाय आढळतो. कन्नडमध्ये अकार गळत नाही, त्यामुळे मराठीसारखी अक्षरे कमी होण्याची खूण तेथे नाही. पण देशी समासात उत्तरपदाचा आद्य कठोर वर्ण मृदू होतो. 'मळे' म्हणजे पाऊस आणि 'काल' म्हणजे काळ. पावसाळा मात्र 'मळेगाल'. जुन्या कन्नडला 'हळगन्नड' म्हणतात. 'कन्नड' या शब्दातील ककाराचा गकार झाला की समास झाल्याचे कळते. हा फेर उच्चारात होतो, लेखनात उतरतो आणि व्याकरणात नोंदला जातो. केशिराजाच्या तेराव्या शतकातील 'शब्दमणिदर्पण' या व्याकरणात कन्नड संधीचे निरूपण आहे, आणि कन्नडची शाळकरी मुलेही 'आदेश संधी' या नावाने हा विषय शिकतात. बोलण्याच्या ओघात कन्नडमध्येही स्वर गळतात. 'माडुत्ताने' याचे 'माड्ताने' होते. परंतु कन्नड लेखकाला पात्राच्या तोंडी तो उच्चार द्यावयाचा असला की तो तसा लिहून दाखवतो. मराठीत 'काप्-डी' असा उच्चार सर्वमान्य असूनही तसे लिहिण्याची पद्धत नाही.

दोन भाषांच्या या भिन्न शिस्ती एकमेकींसमोर आल्या की काय होते, याची उदाहरणे बंगळूरच्या रस्त्यांवर विपुल आहेत. 'बसवनगुडी' हे नाव देवनागरीत वाचणारा मराठी माणूस त्यात 'वन' शोधतो आणि 'बस्-वन्-गुडी' असे म्हणतो. वस्तुतः तेथे वनाचा काही संबंध नाही. 'बसवन' म्हणजे बसवाची आणि 'गुडी' म्हणजे देऊळ. नंदीच्या मंदिरावरून पडलेले हे नाव आहे. 'जयनगर' कन्नडमध्ये पाच अक्षरांचे, मराठीत 'जय्-न-गर्' असे तीन अक्षरांचे. मल्लेश्वरम् येथील काडु मल्लेश्वराच्या मंदिराशी संबंधित १६६९ च्या शिलालेखात शहाजीराजांचे पुत्र एकोजी यांनी देवाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिल्याचा उल्लेख आहे. मराठी राजाने दिलेल्या या दानातील गावाचे नाव मराठी वाचकाला धड उच्चारता येत नाही, कारण 'मेदर' म्हणजे बुरूड, 'निंगन' म्हणजे निंगाची आणि 'हळ्ळि' म्हणजे गाव, हे तीन सांधे ठाऊक नसले की अकार कोठे टाकावा आणि कोठे राखावा हे मराठी जिभेला कळत नाही. कन्नडमध्ये कोठेच टाकावयाचा नसतो, इतके साधे उत्तरही तिला सुचत नाही.

खुद्द नगराच्या नावाचेही असेच आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून त्याचे अधिकृत नाव कन्नड उच्चाराला अनुसरून लिहिले जाऊ लागले. कन्नडमध्ये ते 'बें-ग-ळू-रु' असे चार अक्षरांचे आहे. मराठीतील 'बंगळूर' हे 'बंग्-ळूर्' असे दोन अक्षरांत मावते. त्याच दिवशी अधिकृत नाव बदललेल्या दुसऱ्या एका शहराविषयीही असेच म्हणता येईल. मराठी 'बेळ्-गाव्' आणि कन्नड 'बे-ळ-गा-वि' ही दोन्ही रूपे वेणुग्राम या जुन्या नावाशी नाते सांगतात. त्यांच्यातील अंतर पुष्कळसे अक्षरविभाजनाचे आहे. नावांच्या वादात एका भाषेचा उच्चार ही दुसऱ्या भाषेची विटंबना मानली जाते. प्रत्यक्षात दोन्ही भाषा आपापल्या ध्वनिनियमांना प्रामाणिक असतात. हे ध्यानात आल्याने राजकीय वाद मिटणार नाहीत, पण त्यांतील अकारण कडवटपणा काहीसा कमी होण्यास हरकत नसावी.

आता मूळ मुद्द्याकडे वळावयाचे तर, सांधा लेखनात नसल्याने नुकसान कोणाचे होते ? मराठी बोलत वाढलेल्याचे होत नाही. नुकसान होते ते ज्याला शब्द प्रथम छापील रूपात भेटतो त्याचे. बंगळूरसारख्या नगरात मराठी घरातील तिसऱ्या पिढीचे मूल शाळेत इंग्रजी आणि कन्नड शिकते. देवनागरी त्याला हिंदीमुळे येते. आजीच्या तोंडी जितके मराठी शब्द असतात तितके त्याच्या कानावर पडलेले असतात. 'देवघर', 'पाणपोई' हे शब्द ते बिनचूक बोलते. पण 'समरप्रसंग', 'करसवलत', 'सनदशीर' हे शब्द घरात बोलले जात नाहीत, ते पुस्तकातच भेटतात. तेथे ते अडखळते आणि आपल्याला मराठी येत नाही असा निष्कर्ष काढते. दोष त्याचा नसतो. ज्या ठिकाणी पाहून घ्यावे असे ठिकाण त्याला कोणी दिलेले नसते.

दुसरे नुकसान तौलनिक साहित्याभ्यासाचे आहे. मराठी ग्रंथनामे आणि संज्ञा रोमन लिपीत देताना अभ्यासक बहुधा संस्कृतची लिप्यंतरपद्धती जशीच्या तशी वापरतात. मग 'लोकसाहित्य' या शब्दातील ककारामागे अकार येतो आणि अखेरीसही येतो. परभाषी वाचकाला तो शब्द संस्कृतच आहे असे वाटते. मराठीने त्याला आपल्या तोंडाने दिलेले रूप नाहीसे होते. उलट काही भाषांतरकार ऐकू येईल तसे लिहितात, आणि एकाच लेखकाच्या दोन भाषांतरांत एकच शब्द दोन परींनी दिसतो. दोहोंपैकी कोणतीही पद्धत स्वीकारण्यास हरकत नाही, पण निवड कशासाठी केली हे अभ्यासकाला ठाऊक असले पाहिजे. तेराव्या शतकातील ग्रंथाचे नाव आणि विसाव्या शतकातील कादंबरीचे नाव एकाच ध्वनिव्यवस्थेत बसवणे हे इतिहासाकडे पाठ फिरवण्यासारखे आहे.

तिसरे नुकसान अगदी अलीकडचे आणि कदाचित सर्वांत दूरगामी आहे. लिहिलेला मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी संगणकयंत्रणा आज दृष्टिहीन वाचकांचा आधार बनली आहे. बंगळूरच्याच भारतीय विज्ञान संस्थेत 'सिस्पिन' या प्रकल्पाद्वारे मराठी आणि कन्नडसह नऊ भारतीय भाषांत असे वाचन घडवण्यासाठी ध्वनिसामग्री सिद्ध करण्याचे काम हाती घेण्यात आले. यंत्राला आजी नसते. त्याला 'समर' आणि 'सम' यांतील भेद कोणी तरी सांगावा लागतो. एकतर प्रत्येक समासाचा सांधा नोंदलेला कोश द्यावा लागतो, नाहीतर पुष्कळ शुद्ध वाचन ऐकवून त्यालाच तो अनुमानाने काढू द्यावा लागतो. अनुमान नेहमीच्या शब्दांत साधते आणि विरळ शब्दांत चुकते; साहित्याच्या भाषेत तर विरळ शब्दच अधिक. ज्या दृष्टिहीन विद्यार्थ्याला मराठी काव्य वा निबंध यंत्राच्या मुखातूनच ऐकावा लागतो, त्याच्यापर्यंत चुकलेला सांधाच भाषेचा प्रमाण उच्चार म्हणून पोहोचण्याचा धोका आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की मग उच्चाराप्रमाणे लिहावे, जेथे अकार नाही तेथे अक्षराचा पाय मोडावा. हा उपाय रोगापेक्षा भयंकर होईल. 'कापड', 'कापडी' आणि 'कापडगिरणी' यांतील मूळ शब्दाची एकता आजच्या लेखनात डोळ्यांना दिसते. पाय मोडत गेल्यास ती नष्ट होईल. शिवाय ज्या अकाराला बोलण्यात स्थान नाही त्याला काव्यात आहे. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा असतो, असे जे म्हटले जाते तेथे अक्षर म्हणजे लिहिलेले अक्षर. 'पंढरपूर' हा शब्द बोलताना 'पण्-ढर्-पूर्' असा तीन अक्षरांचा आहे. अभंगाच्या मापात तो पाच अक्षरांची जागा भरतो आणि टाळाच्या ठेक्यावर गाताना निमालेले अकार पुन्हा कंठात येतात. गणवृत्तांत तर त्यांच्यावाचून चालतच नाही. म्हणून तो अकार मृत नाही, तो बोलण्यात विसावलेला आहे. लिपीने त्याची जागा राखून ठेवली हे लिपीचे औदार्यच म्हटले पाहिजे.

दुसरा आक्षेप असा, की उच्चार सर्वत्र एकसारखा नसतो. कोशात एक विभाजन छापले की तेच शुद्ध ठरेल आणि बाकीचे अशुद्ध. या भीतीत तथ्य आहे. सावकाश बोलणारा 'क-म-ळा-चे' म्हणतो, भराभर बोलणारा 'कम्-ळा-चे'. दोघेही मराठीच बोलतात. परंतु हा पर्याय बहुतांशी प्रत्ययान्त रूपांत आढळतो. 'कमळपत्र' हा शब्द 'क-मळ्-पत्-र' असाच उच्चारला जातो. तेथे 'कम्-ळ-' असे कोणी म्हणत नाही. समासाचा सांधा हा मराठी उच्चारातील तुलनेने स्थिर भाग आहे, आणि म्हणूनच तो नोंदण्यास सोपा आहे. जेथे खरोखर दोन उच्चार आहेत तेथे कोशाने दोन द्यावेत. नोंद म्हणजे हुकूम नव्हे.

वर्णनाची सामग्री नाही अशीही स्थिती नाही. अशोक रा. केळकर यांनी १९५८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाला सादर केलेला मराठीच्या ध्वनिव्यवस्थेवरील व रूपव्यवस्थेवरील प्रबंध अभ्यासकांना परिचित आहे, आणि त्यानंतर मराठीच्या ध्वनिविचारावर पुष्कळ काम झाले. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये निघाली. सात खंडांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ ते १९३८ या काळात पुरा झाला. शब्दसंग्रह आहे, ध्वनिविचारही आहे. दोहोंची गाठ पडलेली नाही. मराठीच्या प्रचलित कोशांत शब्दाचा अर्थ मिळतो, व्युत्पत्ती मिळते, क्वचित विग्रह मिळतो. पण शब्द उच्चारताना तो कोठे तुटतो हे सर्वसाधारणपणे मिळत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, आणि रिद्धपूर येथे मराठी भाषेचे स्वतंत्र विद्यापीठही उभे राहिले आहे. अशा प्रसंगी भाषेच्या प्राचीनतेचा गौरव होणे स्वाभाविक आहे. पण ज्या भाषेचा शब्द परक्या वाचकाला कोश उघडून उच्चारता येत नाही, तिच्या अभिजाततेचा लाभ तिच्या घराबाहेर कितपत पोहोचणार ? ताम्रपट आणि शिलालेख यांच्या संपादनाइतकेच सामासिक शब्दांची सांधे दाखवणारी सूची तयार करणे हेही या दर्जाला शोभणारे काम आहे. ते अवाढव्य नाही. शिरोशब्दापुढे एक आडवी रेघ, 'कर-सवलत', 'समर-गीत', 'सम-रस', एवढ्याने बहुतेक शब्दांचे काम भागते. सांधा कळला की उरलेला उच्चार नियमाने निघतो. पदवी वर्गातील विद्यार्थ्यांनी एकेका प्राध्यापकाच्या देखरेखीखाली करावे, अशा स्वरूपाचे हे काम आहे. महाराष्ट्राबाहेरील मराठी विभागांनी त्यात विशेष पुढाकार घ्यावा, कारण आपल्या विद्यार्थ्यांच्या चुका त्यांना रोज ऐकू येतात. महाराष्ट्रात ज्या प्रश्नाची जाणीवही होत नाही तो कन्नडच्या शेजारात वर्गाच्या पहिल्याच दिवशी समोर उभा राहतो.

शहाजीराजांच्या बंगळुरात ज्यांनी जयराम पिंड्यांची पद्ये ऐकली, त्यांना अक्षरविभाजनाचा कोश लागला नाही. त्या दरबारात कवी समोर उभा होता आणि श्रोत्याला एका भाषेचा शब्द दुसऱ्या भाषेच्या शेजारी ठेवून ऐकता येत होता. आज तोच ग्रंथ वाचकासमोर मूकपणे उघडतो. कवीचा आवाज परत आणता येणार नाही. परंतु त्याचे शब्द कोठे जोडले गेले होते एवढे पुढच्या वाचकाला लिहून ठेवणे मराठी अभ्यासकांच्या हातात आहे.